चित्रेच्या सरळ खाली
वाचकांचे प्रश्न : स्टार ट्रॅकरवाल्यांसाठी

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: ट्रॅकर घेतला, त्याचा अक्ष ध्रुवाकडे वळवून ध्रुव साधला, पण हवी ती वस्तू फ्रेममध्ये सापडत नाही. म्हणून हा महिना सगळा ट्रॅकरचा. नव्या वाचकांसाठी एका वाक्यात सांगते. ट्रॅकर म्हणजे ट्रायपॉडवर बसणारी छोटी मोटर. ती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या वेगाने कॅमेरा फिरवते, म्हणून लांब एक्स्पोजरमध्येही तारे ठिपक्यासारखे राहतात. तारे धरून ठेवणं एवढंच तिचं काम, शोधायचे आपण.

प्रश्न : माझ्याकडे गो-टू (वस्तू आपोआप शोधून देणारी सोय) नसलेला ट्रॅकर, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-२०० लेन्स आहे. ॲप उघडून फोन आकाशाकडे धरला की देवयानी दीर्घिका बरोबर दिसते, पण कॅमेऱ्यात नुसते तारे. तासभर शोधण्यातच जातो. — एक वाचक, नाशिक

फोन आकाशाकडे धरून शोधणं आधी सोडा. फोनचा कंपास सहज काही अंशांनी चुकतो आणि २०० मिमीला तुमची फ्रेम आहे जेमतेम ६.७ × ४.५ अंशांची. म्हणजे फोनची चूक तुमच्या फ्रेमएवढी. ॲप नकाशा म्हणून वापरा, बोट दाखवायला नको.

डोळ्यांनी रस्ता असा. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला दीर्घिका नाशिकहून सुमारे ६९ अंशांवर, उत्तरेकडे तोंड करून मान चांगलीच मागे टाकावी लागेल इतकी वर असते. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा, म्हणजे उत्तराभाद्रपदेतला उत्तरेकडचा, तो अल्फेराट्झ. तिथून ईशान्येला ताऱ्यांची ओळ निघते, त्यातला ठळक तारा मिराक. मिराकपाशी ओळ सोडून वायव्येला वळा: आधी म्यू, मग अंधुक न्यू. न्यूच्या शेजारी दीर्घिका.

आता कॅमेरा. सुरुवात लेन्सच्या ७० टोकाला करा, तिथे फ्रेम १९ × १३ अंशांची मिळते. म्यू तारा मध्यभागी आणलात की दीर्घिका फ्रेममध्ये कुठेतरी असणारच, कारण दोघांत चार अंशांहून कमी अंतर आहे. आयएसओ ६४००, छिद्र पूर्ण उघडं, ५ सेकंद. फोटो सुंदर यायची गरज नाही, दीर्घिकेचा पिसारलेला गाभा ओळखू आला की झालं. तो मध्यावर आणा, पुन्हा ५ सेकंद, मग २०० ला जा. झूम बदलला की फोकसही हलतो. तो एखाद्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू मोठा करून नव्याने साधा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा.

न्यूची आणखी एक सोय आहे. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर (इंग्रजीत डेक्लिनेशन, थोडक्यात डेक), ४१.१ अंश, दीर्घिकेची ४१.३. म्हणजे न्यू मध्यावर असेल तर डेकच्या स्क्रूला हात लावायचाच नाही, फक्त आर.ए.चा (विषुवांशाचा, म्हणजे पूर्व-पश्चिम फिरण्याचा) क्लच सैल करून पश्चिमेला सव्वा अंशाच्या आसपास सरकायचं. दोन्ही अक्ष एकदम हलवले की आपण कुठून निघालो तेच विसरतं. एक अक्ष घट्ट असेल तर फार तर थोडं पुढे जाल किंवा मागे राहाल, हरवणार नाही. गो-टू नसलेल्या ट्रॅकरवर शोधण्याची माझी सगळी पद्धत एवढीच आहे: नकाशात लक्ष्याच्या क्रांतीवरचा किंवा विषुवांशावरचा ठळक तारा घरीच शोधून ठेवायचा आणि माळावर एकाच अक्षात चालायचं.

हे सगळं करताना ट्रायपॉडचे पाय आणि ट्रॅकरखालचा वेज (अक्षाचा कल ठरवणारा तळ) यांना हात लावायचा नाही. ते हलले की ध्रुव गेला. हलवायचे ते क्लच आणि डेक ब्रॅकेट.

रेंज असेल तिथे ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चाचणीचा फोटो चढवा. फोटोचा मध्य आकाशात नेमका कुठे आहे ते ती साइट आकड्यांत सांगते. लॅपटॉप नेत असाल तर ॲस्टॅप हेच काम इंटरनेटशिवाय करतं. मी माण तालुक्यात भावाच्या मळ्यावरून फोटो काढते. तिथे रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर येते, म्हणून माझा भर नकाशावर.

प्रश्न : कोणत्या लेन्सला कोणती वस्तू घ्यावी? कॅमेरा साधाच आहे, फिल्टर काढलेला नाही. — एक वाचक, कोल्हापूर

सेन्सरची बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, फोकल लांबीने भागा, ५७.३ ने गुणा. आले अंश. २३.५ × १५.६ मिमीच्या सेन्सरला १३५ मिमी लेन्स लावली तर जवळपास १० × ६.६ अंश, ३०० ला ४.५ × ३. कॅननचा एपीएस-सी किंचित लहान आहे, थोडं कमी धरा. हे आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा आणि स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या ॲपमध्ये आपला सेन्सर आणि लेन्स भरून फ्रेमचा आयत उमटवायला शिका. फ्रेम घरीच ठरते. माळावर ठरवायला बसलात तर थंडी वाजते आणि निर्णय चुकतो.

आता वस्तूंचे आकार. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश. देवयानी दीर्घिका ३ अंश लांब, म्हणजे सहा चंद्र ओळीने. कृत्तिका सुमारे २ अंश, मृगातला मोठा तेजोमेघ १ अंश. यावरून लोक लगेच ‘मग ३००च लावतो’ म्हणतात. माझं मत उलटं आहे. ट्रॅकरवर ३०० मिमी धरणं ही वाऱ्याशी आणि ध्रुवाशी रोजची कुस्ती, आणि मोठी वस्तू फ्रेमभर कोंबली की ती आकाशात कुठे आहे हेच कळत नाही. आजूबाजूला जागा सोडा.

मृगाचंच बघा. बाणाच्या तीन ताऱ्यांतला सगळ्यात उत्तरेकडचा आणि खालचा मोठा तेजोमेघ यांच्यात पाच अंशांचं अंतर आहे. २०० मिमीवर कॅमेरा उभा, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिण धरलात तर ६.७ अंशांत दोन्ही बसतात, पण वरखाली जागा थोडीच उरते. १३५ वर तीच जोडी मोकळी बसते आणि मला तीच फ्रेम आवडते. तेजोमेघ एकटा मध्यभागी ठेवलेले फोटो इतके झालेत की तो मृगात आहे हेही विसरायला होतं.

देवयानी दीर्घिका आकाशात तिरपी आहे, तिचा लांब अक्ष उत्तरेकडून पूर्वेला सुमारे ३५ अंश कललेला. लांब बाजू तिच्या समांतर ठेवलीत तर ३०० मिमीवरही मावते, सोबतच्या दोन्ही छोट्या दीर्घिका धरून. कॉलर (लेन्सला ट्रायपॉडवर धरणारं कडं) असलेली लेन्स असेल तर हा कल साधणं सोपं जातं: कॉलर सैल करून कॅमेरा लेन्ससकट फिरवायचा.

साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल प्रकाश बराच अडवतो. म्हणून कृत्तिकांच्या उत्तरेचा कॅलिफोर्निया तेजोमेघ किंवा मृगाभोवतीचं बर्नार्डचं कडं तुम्हाला निराश करेल. तुमच्या कॅमेऱ्याला निळं-पिवळं मानवतं. ज्येष्ठेचा परिसर घ्या: ज्येष्ठेभोवती पिवळसर धूळ, तिच्या उत्तरेला तीन अंशांवर रो ऑफियुकीचा निळा धूर, पश्चिमेला सव्वा अंशावर एम ४ हा तारकागुच्छ. १३५ मिमीला हे सगळं एका फ्रेममध्ये येतं. आपल्याकडून ज्येष्ठा ४५ अंशांच्या आसपास चढते. युरोपातले लोक हाच भाग क्षितिजावरच्या धुरकटातून काढतात, हे ऐकून मला दर उन्हाळ्यात बरं वाटतं.

प्रश्न : ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ गोव्यातून दिसतो असं वाचलं. दक्षिणेला ओळखीचे तारेच नाहीत, शोधायचा कसा? — एक वाचक, पणजी

ओळखीचा तारा आहे, चित्रा. चित्रेचा विषुवांश १३ तास २५ मिनिटं, ओमेगाचा १३ तास २७. जवळपास एकच. म्हणजे चित्रा बरोबर दक्षिणेला आली की तिच्या सरळ खाली, ३६ अंशांवर ओमेगा असतो. हात लांब करून मूठ धरली की मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे साडेतीन मुठींहून थोडं जास्त.

ट्रॅकरवर हे आणखी सोपं आहे. पोलर अलाइनमेंट, म्हणजे ध्रुव साधणं, झाल्यावर चित्रा मध्यावर आणा, आर.ए.चा क्लच आवळा आणि पुढे फक्त डेक ३६ अंशांनी दक्षिणेला न्या. ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा नसतील तर फोनमधलं कोन मोजायचं ॲप लेन्सच्या पाठीवर ठेवा. चित्रा याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतानाच हे करा, म्हणजे डेकचा कोन आणि उंचीचा कोन एकच ठरतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती वेळ मध्यरात्रीच्या आसपास येते, मेच्या तिसऱ्या आठवड्यात दहाच्या सुमाराला.

खरी गंमत पुढे आहे. याच रेषेवर ओमेगाच्या साडेचार अंश उत्तरेला सेंटॉरस ए, एनजीसी ५१२८ ही दीर्घिका आहे. कॅमेरा उभा धरून २०० मिमीला दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात: खाली लाखो ताऱ्यांचा गोळा, वर मधोमध धुळीचा काळा पट्टा असलेली दीर्घिका. पट्टा दिसायला मात्र एक-दोन फोटो पुरणार नाहीत. मिनिटा-मिनिटाचे पन्नास-साठ एकत्र करावे लागतील.

पणजीहून ओमेगा २७ अंशांपर्यंत चढतो, पुण्याहून २४. तुमच्याकडे समुद्र पश्चिमेला आहे, दक्षिणेला वस्ती असेल तर तिचा उजेड नेमका याच उंचीवर येतो. जागा निवडताना दक्षिणेला गाव नको हे पहिलं बघा. किनाऱ्यावर दमट हवेत लेन्सवर पाणी धरतं, तेव्हा यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा न विसरता न्या.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत आहे. मामाने ट्रॅकर दिला, लेन्स ५० मिमी. पण आमच्या अंगणाच्या उत्तरेला डोंगर आहे, ध्रुव कधीच दिसत नाही. मग ट्रॅकर वापरायचाच नाही का? — एक विद्यार्थी, महाड

वापर की! ५० मिमीला ध्रुव दिसलाच पाहिजे असं काही नाही. ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे वळला की झालं, मध्ये डोंगर असला तरी अक्षाला त्याचं काय.

आधी उंची. महाडचं अक्षांश १८ अंश, म्हणून अक्ष क्षितिजापासून १८ अंश वर. फोनच्या कोनमापकाने हे सहज जमतं, फक्त ट्रायपॉड आधी सपाट कर. आता दिशा. कंपास चालेल. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतला आहे. पण फोन ट्रायपॉडच्या लोखंडापासून आणि ट्रॅकरच्या मोटरपासून दूर धर.

याहून चांगला उपाय सूर्याचा आहे आणि तो फुकट आहे. अंगणात ओळंबा टांग. स्टेलॅरियममध्ये त्या दिवशी सूर्य याम्योत्तर वृत्तावर किती वाजता येतो ते बघ, साडेबाराच्या आसपास असेल. त्या मिनिटाला दोरीची सावली जिथे पडेल तिथे चुन्याने रेघ मार. ती तुझी उत्तर-दक्षिण रेघ, कायमची. थंडीत सावली लांब असते तेव्हा कर. डिसेंबरात एका मिनिटाची चूक म्हणजे दिशेत साधारण एक तृतीयांश अंशाची चूक, इतकं चालतं. मे महिन्याच्या मध्याला करायला जाशील तर शून्य सावली असते, रेघ कसली मारणार!

किती चूक चालते याचा हिशोबही करून ठेव, भौतिकशास्त्राच्या तासाला उपयोगी पडेल. अक्ष १ अंशाने चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ सेकंद सरकतो, हे सेकंद कोनाचे. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला ५० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे १६ सेकंदच. म्हणजे मिनिटाला एक पिक्सेल, कुणाला दिसणार नाही. २०० मिमीवर मात्र तेच चार पिक्सेल होतील. ध्रुव तारासुद्धा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. नुसता ध्रुवतारा मध्यावर ठेवणारे लोक तुझ्या चुन्याच्या रेघेपेक्षा फार पुढे नाहीत, हे तुझ्या मामाला सांग.

५० मिमीला धनू आणि वृश्चिकेतला आकाशगंगेचा भाग घे. महाडला तो चांगला उंच येतो.

प्रश्न : फ्रेम लावून स्क्रू आवळला की वस्तू खाली सरकते. आणि दुसऱ्या रात्री तीच फ्रेम पुन्हा जमत नाही. — एक वाचक, पुणे

तुम्ही बॉलहेड (गोळ्यावर फिरणारा ट्रायपॉडचा माथा) वापरता असं गृहीत धरते. जड लेन्सला बॉलहेड आवळताना थोडा बसतोच, त्याला इलाज नाही. ट्रॅकरसोबत येणारा डेक ब्रॅकेट वापरा, त्याला बारीक फिरवायचा स्क्रू असतो. लेन्स कॉलरवर धरा आणि पुढेमागे सरकवून तोल साधा. आर.ए.मध्ये पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात.

दुसऱ्या रात्रीसाठी फ्रेमचा कल ठरावीक ठेवा. युक्ती अशी: ट्रॅकर बंद करून ३० सेकंदांचा एक फोटो काढा. ताऱ्यांच्या रेघा उमटतील आणि त्या बरोबर पूर्व-पश्चिम असतात. कॅमेरा फिरवून रेघा फ्रेमच्या बाजूला समांतर करा. आता फ्रेम आकाशाशी सरळ आहे आणि पुढच्या वेळी हाच कल पुन्हा दोन मिनिटांत मिळतो. मग फक्त मध्य जुळवायचा राहतो. पहिल्या रात्रीचा एक फोटो फोनमध्ये ठेवा आणि कोपऱ्यातले तारे ताडून बघा. देवयानीसारख्या तिरप्या वस्तूला हा सरळ कल शोभत नाही, हे खरं. तिथे कल किती अंश घेतला ते लिहून ठेवावं लागतं.

आणखी एक. फोटोंचा ढीग रचताना तिरक्या फरकाट्यासारखा नॉइज (दाणेदारपणा) दिसत असेल, तर तो पोलर अलाइनमेंटमधल्या थोड्याशा चुकीमुळे फ्रेम एकाच दिशेने सरकत राहिल्याचा परिणाम आहे. दर दहा-पंधरा फोटोंनी ट्रॅकरच्या बटणाने आर.ए. किंचित पुढेमागे करा, एकदा इकडे, एकदा तिकडे.

प्रश्न : हे सगळं टाळून सीस्टार, ही स्वतः वस्तू शोधणारी स्मार्ट दुर्बीण, घेतली तर? — एक वाचक, ठाणे

घ्या. शोधून देतो, फोनवर चित्र दाखवतो, मुलं खूश. पण सीस्टार एस ५० ची फ्रेम साधारण १.३ × ०.७ अंशांची आहे. तीन अंशांची देवयानी त्यात एका वेळी मावत नाही, मोझेक करावं लागतं, म्हणजे तुकड्यांचे फोटो जोडावे लागतात. ज्येष्ठेचा परिसर तर विसराच. ज्यांच्याकडे कॅमेरा आणि लेन्स आधीच आहे त्यांनी ट्रॅकरच घ्यावा, असं मला वाटतं.

प्रश्न : मेलबर्नला आल्यापासून ध्रुवच नाही! — एक वाचक, मेलबर्न

सिग्मा ऑक्टँटिस आहे, पण तो ५.४ प्रतीचा, शहरातून दिसत नाही. ट्रॅकरमध्ये दक्षिण गोलार्ध निवडा, अक्ष ३८ अंशांवर दक्षिणेला वळवा आणि पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत) सिग्मासकट चार ताऱ्यांचा समलंब चौकोन शोधा, एकटा सिग्मा शोधू नका. देवयानी तुमच्याकडे जेमतेम ११ अंशांवर येते, तिचा नाद सोडा. वर पणजीच्या वाचकांना सांगितलेला ओमेगा तुमच्या ८० अंशांवर असतो. चित्रेची रेषा तुम्हालाही लागू आहे, फक्त तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बघाल तेव्हा चित्रा खाली आणि ओमेगा वर, डोक्याजवळ.

पुढच्या महिन्यासाठी प्रश्न पाठवताना कॅमेऱ्याचा सेन्सर, लेन्सची फोकल लांबी आणि तुमच्या जागेच्या कोणत्या दिशेला उजेड आहे एवढं नक्की लिहा. फोटो पाठवलात तर मूळ फाइलमधला एकच पाठवा, रंग चढवलेला नको.